माती, नाव, पाटी

अटलांटा

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. "काळ्या-गोऱ्यांच्या भांडणात तुम्ही भारतीय कशाला पडता?" हा तुझा प्रश्न इथल्या आपल्या मंडळींकडूनही कायम ऐकू येतो. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही, म्हणून लिहायला बसलो.

अलाबामात माँटगोमेरीला २०१८ साली झुंडबळींचं स्मारक झालं. १८७७ ते १९५० या काळात गोऱ्या जमावांनी मारलेल्या ४,४०० हून अधिक कृष्णवर्णीयांची तिथं नोंद आहे. गंजल्या रंगाच्या पोलादाचे आठशेवर खांब, एकेका काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, एकेक. सुरुवातीला ते आपल्या उंचीचे असतात, नावं समोरासमोर वाचता येतात. पुढे जमीन उतरत जाते आणि खांब डोक्यावर लटकू लागतात. काही हत्यांची कारणंही लिहिली आहेत. जेसी थॉर्नटनला १९४० मध्ये मारलं, कारण गोऱ्या पोलिसाला हाक मारताना तो 'मिस्टर' म्हणाला नाही. त्या ओळीपाशी माझे पाय थिजले. जोहार कोणी कोणाला घालायचा हे जन्मावरून ठरवणाऱ्या मुलखातून आपण आलोय, सुधीर. ती ओळ आपल्याला परकी कशी वाटेल?

हे स्मारक उभारलं ब्रायन स्टीव्हनसन या वकिलाच्या 'इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह'नं. त्यांनी आणखी एक काम काढलंय. जिथं हत्या झाली तिथली माती गावकऱ्यांनीच काचेच्या बरणीत भरायची, बरणीवर नाव, ठिकाण, तारीख. जॉर्जियातल्या एका काउंटीत मी अशा कार्यक्रमाला गेलो होतो. आधी चर्चच्या हॉलमध्ये सगळे गोल करून बसले. एक निवृत्त गोरे शिक्षक म्हणाले, "माझे आजोबा तेव्हा याच गावात होते. घरात याबद्दल कधी अवाक्षर निघालं नाही." समोरच्या कृष्णवर्णीय आजी म्हणाल्या, "आमच्याही घरी निघालं नाही. तुमच्याकडे लाज होती म्हणून, आमच्याकडे भीती होती म्हणून."

त्यावर कोण काय बोलणार? सगळे उठून ओढ्याकाठी गेले. तिथली लाल चिकणमाती खुरप्याला दाद देईना. शिक्षक गुडघे टेकून खणत होते, आजी बरणी धरून उभ्या होत्या. आणि तिथं बोलणं सुरू झालं. कोणाचं शेत कुठं होतं, कोण रातोरात शिकागोला निघून गेलं, मागे राहिलेली जमीन कोणी बळकावली.

२०२० मध्ये मिनिॲपोलिसला पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडचा जीव घेतला, त्यानंतर आमच्या ऑफिसातही वर्णभेदावर चर्चासत्रं झाली. मला त्यांतून फारसं काही मिळालं नाही. सगळे जपून बोलत होते, 'जखमा भरायला हव्यात' म्हणत होते, पण जखम कोणाची आणि कुठं झाली हे कोणी काढलं नाही. ओढ्याकाठी त्या आजींना कोणीतरी माफीबद्दल विचारलं, तर त्या म्हणाल्या, "माफीचं नंतर बघू. आधी कोर्टासमोर पाटी लावा." मला हे शंभर टक्के पटतं. काय घडलं हे सगळ्यांना दिसेल असं लिहिल्याशिवाय समेटाची भाषा करणं म्हणजे दुखावलेल्यालाच गप्प बसवणं.

आता तुझा प्रश्न. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्यानंतर चारच वर्षांत दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांमागचं केंद्रीय सैन्याचं बळ काढून घेतलं गेलं, आणि ती मुक्त माणसं उघड्यावर पडली. स्मारकातली नोंद त्याच वर्षापासून सुरू होते. पुढे १९२३ मध्ये पंजाबातून इथं आलेल्या भगतसिंग थिंद यांना इथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तुम्ही गोरे नाही, सबब नागरिकत्व नाही. आपल्यासाठी दार खऱ्या अर्थानं उघडलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्यानं, आणि तो झाला कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीनं देश हलवून सोडल्यावर. माझा व्हिसा, माझं घर, मुलांच्या शाळा, सगळं त्या दारातून आलंय. मग हे भांडण मला परकं कसं?

पाटीचा विषय पुढच्या महिन्यात त्या काउंटीच्या बैठकीत येतोय. बाहेरच्यांनाही तीन मिनिटं बोलू देतात. मी नाव दिलंय. तू डिसेंबरात येशील तेव्हा माँटगोमेरीला जाऊ, इथून गाडीनं अडीच-तीन तासांवर आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मकरंद