सुरमईचे पैसे की रश्श्याचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरबसल्या समुद्राची मासळी मागवण्याबद्दल आलं होतं, त्यावर माझं थोडं. मी मूळची मालवणची, नागपूरला येऊन 21 वर्षं झाली, त्यामुळे कुठे सुरमईची जाहिरात दिसली की माझा हात मोबाइलकडे जातो हे घरात सगळ्यांना माहीतच आहे.

यंदा मृग लागला तेव्हा एका ऑनलाइन कंपनीकडून तयार सुरमई करी मागवली, नुसती गरम करा नि खा म्हणे. बॉक्स 1,850 चा, वर डिलिव्हरीचे 350. कुरिअरवाला आला भर दुपारी 2 ला, बाहेर 43 डिग्री, थर्माकोल उघडला तर जेल पॅकचं पाणी झालेलं. पाकीट हाताला गार लागलं म्हणून फेकवलं नाही. वजन छापलेलं 1 किलो. मला काही राहवेना, रस्सा गाळला आणि तुकडे किचनच्या काट्यावर ठेवले, भरले 420 ग्रॅम! बाकी सगळा रस्सा आणि तोही टोमॅटोचा, आमसूल औषधाला नाही. म्हणजे नुसत्या मासळीचा हिशोब धरला तर किलोला 5,200 च्या वर गेलं. सासरे म्हणाले, एवढ्यात आपण सगळे सावजीत जेवून आलो असतो आणि वर पानही खाल्लं असतं.

जाहिरातीत काय तर "काल रात्री जाळ्यात आलेली". अहो, 1 जून ते 31 जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटी बंद असतात, माशांच्या विणीचा काळ म्हणून, मग ही कोणाच्या जाळ्यात आली? फ्रोझन असणार. फ्रोझन वाईट नसतं, उणे 18 ला नीट ठेवलेली कोलंबी मी स्वतः घेते आणि छान लागते, पण मग तसं सांगा ना. आणि मासळी किती, रस्सा किती हे वेगवेगळं छापा, त्याला काय जातं.

पार्सलचे पैसे वसूल होतात ते सुक्याचे. आई दरवर्षी पावसाआधी सोडे (सोलून सुकवलेली कोलंबी), सुके बोंबील, आमसुलं पाठवते, बर्फ नको की थर्माकोल नको, मूठभर सोडे वांग्यात टाकले की काम झालं (शेजारी नाक मुरडतात तो भाग वेगळा). ओली मासळी खायची तर इथल्या 'मंगळवारी' नावाच्या बाजारात भंडाऱ्याकडच्या तलावांची रोहू, मरळ मिळते, डोळ्यांसमोर कापून देतात. सुरमईची चव तिला नाही, हे खरं.

कंपनीला फोटोसकट मेल केला. पैसे परत नाहीत, पुढच्या ऑर्डरवर 200 रुपयांचं कूपन आलं. त्याची मुदत 31 जुलै, म्हणजे बोटी समुद्रात जायच्या आधीच संपणार.

एक वाचक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर