खिशातल्या चाकूविषयी मुक्तास पत्र

चि. मुक्ता हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. पहिल्या पगारातून रोज जवळ बाळगायला एखादा छोटा, जुन्या पद्धतीचा घडीचा चाकू घ्यावा असे तुझ्या मनात आले, आणि तेही चाकू-सुऱ्यांसाठी नावाजलेल्या शेफील्डमध्ये राहत असताना, याचा मला मनापासून आनंद झाला. सफरचंद कापायचे, पार्सलची दोरी तोडायची, पेन्सिलीला टोक करायचे आणि सुटीच्या दिवशी जवळच्या पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागात भटकताना पाव आणि चीज कापायचे, अशी कामे तू लिहिली आहेस. त्यांना कोणता चाकू योग्य, हे कारखान्याच्या टूलरूममध्ये पोलाद हाताळण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली त्या तुझ्या बापाला जसे दिसते तसे सविस्तर लिहितो.

आधी कायदा, कारण चाकूची निवड तिथेच निम्मी होऊन जाते. इंग्लंडमध्ये १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टप्रमाणे, ज्याच्या पात्याची धार ३ इंचांपेक्षा, म्हणजे ७.६२ सेंटिमीटरपेक्षा, लांब नाही असा घडीचा चाकू सार्वजनिक ठिकाणी जवळ ठेवण्यासाठी वेगळे कारण द्यावे लागत नाही. मात्र उघडल्यावर पाते खटक्याने किंवा कडीने पक्के अडकत असेल, तर ते कितीही आखूड असले तरी तिथली न्यायालये त्याला घडीचा चाकू मानत नाहीत. मग तो जवळ का होता याचे सबळ कारण दाखवण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर येते आणि दोषी ठरल्यास ४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुझ्या मैत्रिणीने सुचवलेला फ्रान्सचा ओपिनेल मला ठाऊक आहे. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ सव्हॉय प्रांतातले लोक तो वापरत आले आहेत आणि त्याचे पाते फळ कापायला फार गोड चालते. परंतु त्याच्या ८ नंबरचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे असते आणि १९५५ पासून त्याच्या मानेवर पाते अडकवणारी फिरती कडी असते. तो तुझ्या स्वयंपाकघरात अवश्य असावा, कोटाच्या खिशात नको.

याच संदर्भात तुझ्या पत्रातले एक वाक्य मला खटकले. रात्री कामावरून एकटी परतताना चाकू जवळ असला की धीर वाटेल, असे तू लिहिले आहेस. तो विचार पूर्णपणे सोडून दे. स्वसंरक्षणासाठी बाळगतो असे म्हटले की तिथल्या कायद्याच्या दृष्टीने लहानात लहान चाकूही हत्यार ठरतो, आणि ज्या चाकूचे पाते अडकत नाही तो भोसकण्यासारख्या वापरात उलटा मिटून स्वतःचीच बोटे कापतो. रात्री उशीर झाला तर टॅक्सी कर. पैशांचा विचार करू नकोस.

तुझ्यासाठी मला योग्य वाटतो तो शेफील्डचाच, एका पात्याचा आणि एका स्प्रिंगचा साधा चाकू. त्याच्या रचनेत लपवलेले असे काही नाही. मुठीच्या पाठीकडून पोलादाची एक लांब पट्टी जाते, तीच त्याची स्प्रिंग. पात्याचा बुंधा तिच्यावर दाबून बसतो आणि केवळ त्या दाबामुळे पाते उघडे किंवा मिटलेले राहते. हा दाब म्हणजे कुलूप नव्हे, हे हाताला शिकवावे लागते. कापताना जोर नेहमी धारेच्या बाजूने पडला पाहिजे, कारण त्या जोराने पाते आणखी घट्ट उघडे राहते. पात्याच्या पाठीवर अंगठ्याने रेटा देणे, टोकाने भोक पाडणे किंवा डब्याचे झाकण उचकटणे ही कामे या चाकूची नाहीत. इतके पथ्य पाळले तर पाते न अडकणे ही मला त्याची उणीव वाटत नाही.

दुकानात चाकू हातात घेशील तेव्हा घाई करू नकोस. मिटलेला चाकू उजेडाकडे धर आणि पाठीकडून बघ: स्प्रिंग आणि तिच्या दोन्ही बाजूंचे पितळी पत्रे यांच्या मधून उजेडाची रेघ दिसता कामा नये. मग अंगठ्याचे नख पात्यावरच्या खाचेत घालून ते सावकाश उघड. सुरुवातीला स्प्रिंग विरोध करील, शेवटच्या टप्प्यात मात्र तिने पाते आपणहून ओढून घ्यावे आणि टक् असा स्वच्छ आवाज यावा. नख मोडेल इतकी ती कडक नको आणि पाते झुलेल इतकी सैलही नको. उघडलेल्या पात्याचे टोक चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. पाते ज्या खिळ्यावर फिरते तिथे खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर तो चाकू परत ठेव, कारण नव्यात असलेला खेळ पुढे वाढतच जातो. पाठीवरून बोट फिरवले असता स्प्रिंग, पत्रे आणि मुठीच्या टोकाचे जर्मन सिल्व्हर (तांबे, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू) एकाच पातळीत लागावे. कारागिराचा हात कसा आहे हे तिथे कळते. आणि मिटताना पाते मध्येच सोडू नकोस. काही चाकूंत धार आतल्या स्प्रिंगवर आपटते आणि तिला बारीक खाच पडते.

पात्याच्या आकारांत मी तुला लॅम्बफूट सुचवतो. त्याची धार सरळ असते आणि पाठ टोकाकडे हलकेच उतरत येते. सरळ धार फळीवर पूर्ण टेकते, त्यामुळे फळाच्या फोडी शेवटपर्यंत सुट्या होतात, आणि दगडावर ती लावायलाही सगळ्यांत सोपी, कारण टोकाकडे हात वळवावा लागत नाही. मिटल्यावर साडेतीन इंच आणि पाते अडीच इंचांच्या आसपास, एवढे माप बायकांच्या कपड्यांच्या उथळ खिशातही बसेल आणि कायद्याच्या मर्यादेतही राहील.

पोलादाबद्दल मला थोडे जास्त लिहायचे आहे. तू ज्या गावात आहेस तिथेच १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी करण्याचा प्रयत्न करताना सुमारे १२.८ टक्के क्रोमियम असलेले पोलाद ओतले आणि ते गंजत नाही हे ओळखून त्याचे मोल सुऱ्या-चमच्यांच्या धंद्याला पटवून दिले. त्या शोधाबद्दल मला अपार आदर आहे. तरीही तू साध्या कार्बन पोलादाचे पाते घ्यावेस असे मला वाटते. ते दगडावर लवकर लागते, त्याला बारीक धार येते, आणि मुख्य म्हणजे ते माणसाला काळजी घ्यायला लावते. सफरचंद किंवा लिंबू कापल्यावर त्यावर राखाडी-निळसर छटा चढेल. तिला घाबरू नकोस आणि घासून काढू नकोस, ती पात्याचे थोडे रक्षणच करते. लाल-तपकिरी डाग दिसला तर तो मात्र गंज आहे, आणि शेफील्डच्या दमट हवेत तो यायला ओले पाते एकदा मिटून ठेवणे पुरेसे होते. वापरले की पुसायचे, कोरडे झाले की मिटायचे, आणि अधूनमधून सांध्यात खाण्यास निर्धोक अशा खनिज तेलाचा एक थेंब सोडायचा. आपले शेंगदाण्याचे किंवा खोबऱ्याचे तेल घालू नकोस. ते कालांतराने खवट होऊन चिकटते. धार लावताना पाते दगडाशी साधारण २० अंशांत धर आणि दुसऱ्या बाजूला बारीक बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, उठल्याचे बोटाला जाणवले की बाजू बदल.

मुठीच्या बाबतीत एक गोष्ट तुला माहीत असावी. शेफील्डच्या जुन्या चाकूंवर जी खडबडीत, तपकिरी-पांढरी शिंगे दिसतात त्यांतली बरीचशी आपल्या सांबराची आहेत; ती हिंदुस्थानातून जहाजांनी तिकडे जात असत आणि पुढे भारताने त्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. दुकानदार असा जुना चाकू दाखवील आणि तो सुंदरही असेल, पण तो घेऊ नकोस. आपल्या वन्यजीव कायद्यामुळे तो इकडे आणताना अडचण होऊ शकते, आणि सांबराचे शिंग सांबराच्याच डोक्यावर शोभते असे माझे मत आहे. शिसवी लाकूड किंवा गाई-म्हशीचे शिंग हे दोन्ही चांगले. शिंग हीटरजवळ ठेवलेस तर वाकते, एवढे लक्षात ठेव.

घेण्याआधी एका रविवारी केलम आयलंडच्या संग्रहालयात जाऊन ये. शेफील्डच्या कटलरांची, म्हणजे चाकू-सुऱ्या घडवणाऱ्यांची, कंपनी (संघ) १६२४ मध्ये कायद्याने स्थापन झाली, परंतु मला तिच्याहून अधिक जवळची वाटतात ती लहानशा गाळ्यात स्वतंत्रपणे राबणारी माणसे, ज्यांना तिथे लिटल मेस्टर म्हणतात. स्टॅन शॉ (१९२६–२०२१) हे त्यांतले फार नावाजलेले. पोरवयातच या कामाला लागून त्यांनी आयुष्यभर खिशातले चाकू घडवले. आणि धार लावणाऱ्यांविषयीही तिथे वाच. वाळूच्या दगडाच्या चाकावर ओणवे बसून ते काम करीत आणि दगडाची धूळ छातीत जाऊन ऐन उमेदीत मरत. आमच्या ग्राइंडिंग विभागात धूळ ओढणारी यंत्रणा बसवावी म्हणून आम्ही किती भांडलो ते तुला आईने सांगितलेच आहे. म्हणून त्या माणसांबद्दल वाचताना मला आजही राहवत नाही. कारागिराने मागितलेली किंमत जास्त वाटली तरी घासाघीस करू नकोस.

दिवाळीला येताना चाकू हातातल्या पिशवीत न ठेवता विमान कंपनीकडे सोपवायच्या (चेक-इन) सामानात ठेव, आणि न्यायालय, क्रीडागार अशा तपासणीच्या ठिकाणी जाताना घरी ठेवून जा. तुझ्या वसतिगृहाचे नियमही एकदा पाहून घे.

दुकानात जाताना तू सोबत नेलेली माझी सहा इंची स्टीलची पट्टी बरोबर ने आणि धारेची लांबी स्वतः मोज. डब्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नकोस. लाकूड की शिंग ते तू ठरव. घेतल्यावर मिटलेल्या चाकूचा पाठीकडून काढलेला फोटो पाठव, स्प्रिंगची बसवणूक मला बघायची आहे.

तुझे,
बाबा