बटणे इंग्रजीत, बोलणारे चिनी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चिनी संदेशसेवा इंग्रजी भाषकांपर्यंत नेण्याच्या खटपटीवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेखकाने सगळा भर हेरगिरी आणि बंदी यांवर दिला आहे. तो मुद्दा खोटा नाही, पण या सेवा चीनबाहेर फारशा का रुजल्या नाहीत, हा प्रश्न त्यांनी एका वाक्यात उरकला आणि मला सांगायचे आहे ते नेमके तिथले.

शेन्झेनच्या टेन्सेंट कंपनीने १९९९ साली ओआयसीक्यू नावाची संदेशसेवा सुरू केली. नाव उघडच इस्रायलमध्ये जन्मलेल्या आयसीक्यूवर बेतलेले होते. आयसीक्यू तोवर अमेरिकेच्या एओएल कंपनीकडे गेली होती, त्या कंपनीने हरकत घेतली आणि ओआयसीक्यूचे नाव बदलून क्यूक्यू झाले. लाल मफलर गुंडाळलेला पेंग्विन ही तिची खूण. खातेदाराची ओळख नावाने नव्हे तर क्रमांकाने, आणि कमी आकड्यांचा किंवा आठांनी भरलेला क्रमांक मिळावा म्हणून लोक पैसे मोजत. (आपल्याकडे गाडीच्या नंबरासाठी मोजतात, त्यात आणि यात मला काही फरक दिसत नाही.) २००९च्या सुमारास क्यूक्यूची इंग्रजी आवृत्ती आली, पण अमेरिकेतल्या माणसाने तो पेंग्विन घरात घेऊन बोलायचे कुणाशी? त्याचे सगेसोयरे आणि मित्र दुसऱ्याच पारावर बसलेले होते. बटणांवरची अक्षरे बदलता येतात, पार उचलून आणता येत नाही.

पुढे जानेवारी २०११ मध्ये याच कंपनीच्या ग्वांगझूमधल्या ॲलन झांग यांच्या चमूने वेशिन हे फोनवरचे संदेशांचे ॲप काढले आणि २०१२ मध्ये परदेशासाठी त्याचे नाव वीचॅट ठेवले. मेस्सीला घेऊन जाहिराती झाल्या. हिंदी सिनेमातले तरुण चेहरेही आपल्या टीव्हीवर त्याची भलामण करताना दिसले. त्याच सुमारास, २०१३च्या उन्हाळ्यात, पुण्याला शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने ते माझ्या आणि आमच्या काकांच्या फोनवर टाकून दिले.

काकांचे शिक्षण तिसरीपर्यंतचे. फवारणी आणि ओलिताने अंगठ्याची कातडी अशी राठ झालेली, की पडद्यावर टेकवला तरी फोनला कळत नसे. म्हणून ते अंगठा आडवा करून कडेने दाबीत. या ॲपवर बटण दाबून धरायचे, बोलायचे आणि सोडायचे, की आवाज पलीकडे पोहोचे. शेतीपंपाची वीज कधी दिवसा तर कधी रात्री येते, हे विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. रात्री साडेअकराला काकांचा निरोप येई: ‘‘अरे बाप्पा, लाइन आली ना, मोटर लाव लवकर, मंग जाते!’’ बोलत ते असे, की जणू धुऱ्यापलीकडच्या माणसाला हाक मारत आहेत. बोलून झाल्यावरही दोन क्षण अंगठा उचलीत नसत, त्यामुळे प्रत्येक निरोपाच्या शेवटी रातकिड्यांची किरकिर ऐकू येई. ज्यांनी जन्मात कुणाला पत्र लिहिले नाही, त्यांचे ते पहिले पत्रलेखन होते.

ही सोय चीनमध्ये आधी का रुजली, हे समजून घेण्यासारखे आहे. चिनी लिपीत हजारो अक्षरे आहेत. फोनवर रोमन अक्षरांत उच्चार टंकायचा आणि समोर येणाऱ्या अक्षरांतून हवे ते निवडायचे, अशी बहुतेकांची रीत आहे, जी वयस्कर आणि कमी शिकलेल्या माणसाला जाचक वाटते. वीचॅटने मे २०११ मध्येच आवाजाचे निरोप आणले. व्हॉट्सॲपवर तशी सोय यायला ऑगस्ट २०१३ उजाडला. सव्वीस अक्षरांत काम भागणाऱ्या इंग्रजी माणसाला या शोधाची निकड तेवढी नव्हती. ती होती आम्हाला, ज्यांना जोडाक्षर काढताना एका शब्दाला चार वेळा बोट टेकवावे लागते. कंपनीने दार मात्र इंग्रजीचे ठोठावले. आमच्या भागात ती सोय घरच्या दोन-चार फोनांपुरती राहिली. संत्र्याचे व्यापारी, ट्रकवाले, कृषी केंद्राचे मालक, सगळे व्हॉट्सॲपवर होते, तेव्हा वर्षभरात आम्हीही तिकडे गेलो.

गलवाननंतर २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲप बंद केली. त्यांत वीचॅट होते, पण आमच्या गावात कुणाच्या ध्यानातही आले नाही. हळहळ झाली ती टिकटॉकची. अमेरिकेत त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी वीचॅटविरुद्ध आदेश काढला, तेव्हा कोर्टात कोण गेले? प्रामुख्याने तिथे राहणारे चिनी वंशाचे लोक, ज्यांचे मायदेशीच्या आईबापांशी रोजचे बोलणे त्यावर चाले. सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयाने आदेशाची अंमलबजावणी थांबवली आणि २०२१ मध्ये बायडेन यांनी तो मागे घेतला. इंग्रजी भाषकांच्या देशात ही सेवा वाचवायला उभे राहिले ते घरात चिनी बोलणारे.

सुरक्षेबाबत लेखकाशी माझा वाद नाही. टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने मे २०२० मध्ये दाखवून दिले होते, की वीचॅटवर चीनबाहेरच्या खात्यांमधली कागदपत्रे आणि चित्रेही तपासली जातात आणि त्यांचा उपयोग चीनमधली छाननी अधिक कडक करण्यासाठी होतो. अशी सेवा परत यावी, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच, की तिच्याकडून घेण्याजोगी एक गोष्ट होती आणि ती सोडून बाकी सगळ्याची चर्चा चालू आहे.

आता झोहो या भारतीय कंपनीचे अरट्टई हे संदेशांचे ॲप आले आहे. २०२१ मध्ये निघालेल्या या ॲपचा २०२५च्या सप्टेंबरात एकाएकी गाजावाजा झाला. त्याचे नाव तमिळमधल्या गप्पांवरून ठेवले आहे, हे मला आवडले. पण देशी ॲपविषयी बोलताना सगळे जण पडद्यावर मराठी आहे का, एवढेच विचारतात. पडद्यावरची मराठी आमच्या काकांना इंग्रजीइतकीच परकी आहे. बोललेले अक्षरांत उतरवून देणारी सोय माझ्या सध्याच्या फोनवर आहे. तिला मी ‘‘उद्या तोडा हाय’’ (म्हणजे उद्या फळे उतरवायची आहेत) म्हटले, तर ती ‘‘उद्या थोडा आहे’’ असे लिहिते. बागेत वीस मजूर उभे करायचे असताना हा निरोप गेला, तर सकाळी काय होईल ते सांगायला नको. पुण्याची बोली तिला कळते, वऱ्हाडीत मात्र ती अडखळते, आणि गावात मराठी लिहिणाऱ्यांपेक्षा वऱ्हाडी बोलणारे कितीतरी अधिक आहेत.

लेखाचा पुढचा भाग देशी ॲपवर असेल, असे पुरवणीत म्हटले आहे. लेखकाने तो लिहिण्याआधी त्यातले एखादे ॲप सत्तरीतल्या बागायतदाराच्या हाती देऊन पाहावे, अशी विनंती आहे. मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या संत्र्याचा, तोडा फेब्रुवारी-मार्चमध्ये चालतो. त्या दिवसांत ते इकडे आले, तर काका बागेतच भेटतील आणि अंगठा आडवा कसा धरायचा तेही दाखवतील.

आपला,
एक संत्रा उत्पादक वाचक
ता. वरुड, जि. अमरावती