बाबा, तुमचं निम्मं बरोबर होतं

ती. बाबा आणि ती. सौ. आईस सा. नमस्कार.

पाकीट बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर बाबा दोन मिनिटांत "हां हां, ठेव आता" म्हणतात आणि आई, तू "जेवलीस का" याच्या पुढे गाडी जाऊच देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. रविवार आहे आणि ग्रुपवर अजून "आजच, तातडीने" असं काही पडलेलं नाही.

आई, तू विचारलं होतंस ना, त्या पुण्याच्या नोकरीचं काय झालं? नाही जात मी, इथेच तालुक्याची गटशिक्षणाधिकारी म्हणून राहते. पगार जवळपास दुप्पट होता, शनिवार-रविवार सुट्टी, माणसंही संस्थेतल्या दिवसांपासूनची ओळखीची. तू म्हणालीस, घे. बाबा काहीच बोलले नाहीत. बाबा, तुमचं न बोलणं मला २००८ पासून पाठ आहे.

तेव्हा मी 'असर'चं, म्हणजे खेड्यातल्या मुलांना वाचता येतं का ते घरोघर जाऊन बघण्याचं सर्वेक्षण करून रात्री घरी आले होते. जिल्ह्यातली तीस गावं, एकेका गावात वीस घरं. शाळेत जायचं ते नुसतं बघायला, मुलांना तपासायचं ते त्यांच्या घरी. ओट्यावर बसून एक कागद पुढे करायचा. आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. पोर जिथवर पोचलं तिथे खूण. जेवताना मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "पाचवीतली पोरं दुसरीची गोष्ट वाचू शकत नाहीत. काय करतात हे मास्तर लोक?" गाव तुमच्या शाळेच्या शेजारचं होतं, तिथले मास्तर तुमचे मित्र. तुम्ही ताटावरून उठलात, हात धुतलेत आणि म्हणालात, "मोजणं सोपं असतं. मोजणारी बाई संध्याकाळच्या एस.टी.नं घरी येते." मग आठ दिवस आपलं बोलणं आईमार्फत चाललं. "तिला सांग, दूध उतू जातंय."

नवव्या दिवशी मात्र तुम्ही जे बोललात ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. "दसरा झाला की माझा अर्धा वर्ग ऊसतोडीच्या ट्रकमध्ये बसतो, गुढीपाडव्याच्या आसपास परत येतो. त्याची खूण तुझ्या कागदावर कुठे करायची, ते तेवढं सांग." माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर मी ते शोधलंही नाही. मास्तरांची सबब, म्हणून सोडून दिलं.

संस्थेत सात वर्षं काढली. शेजारणींना तू "समाजसेवा करते" सांगायचीस, आई, आणि त्यांनी त्याचा अर्थ "नोकरी लागत नाही" असाच घ्यायचा. मला पटणारं होतं ते काम. तिसरी ते पाचवीची पोरं इयत्ता विसरून पातळीप्रमाणे बसवायची, अक्षरवाली इकडे, उताऱ्यावाली तिकडे, आणि आपण जमिनीवर त्यांच्यात. मुंबईत 'प्रथम' या संस्थेनं हीच वाट आधी चोखाळली होती. वस्तीतल्याच शिकलेल्या मुली, बालसखी, मागे पडलेल्या मुलांना रोज वेगळं घेऊन बसायच्या. मुंबई आणि बडोद्यातल्या त्या कामावर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला होता. २०१९ला त्या दोघांना आणि मायकेल क्रेमर यांना नोबेल मिळालं, तेव्हा तुम्ही वर्तमानपत्राचं कात्रण मला पोस्टानं पाठवलंत. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. ते कात्रण माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. तुम्हाला हे माहीत नसणार.

प्रकल्प संपला तो दिवस आठवतो. देणगीदारांचे पैसे संपले की गाव संपतं, हा तिथला नियम. आम्ही पुस्तकांची पेटी मुख्याध्यापकांच्या हवाली केली. त्यांनी पोच दिली, पेटी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. "एक पुस्तक फाटलं तर माझ्याकडून वसूल करतील ताई." आम्ही जीपमध्ये बसून त्यांच्यावर भरपूर हसलो. आज डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे सरकारी सामानाच्या नोंदवहीवर, माझी सही असते. लेखापरीक्षणात दोन गहाळ खुर्च्यांचा खुलासा मी स्वतः लिहिलाय. आता हसू येत नाही. गेल्या वर्षी शिक्षण परिषदेत मी लेखी दिलं की वापरून फाटलेल्या पुस्तकांची यादी करा, निर्लेखनाला, म्हणजे नोंदीतून कमी करायला, माझ्याकडे पाठवा, कुणाकडूनही वसुली होणार नाही. बाबा, पहिल्या महिन्यात एकाही शाळेची यादी आली नाही. सगळ्या केंद्रांचा अहवाल निरंक. म्हणजे कपाटं बंदच. चौथ्या महिन्यात एका बाईंनी अकरा पुस्तकांची यादी पाठवली. तेराव्या क्रमांकाचं पुस्तक बकरीनं खाल्लं, ते यादीत घ्यावं का, अशी तळटीप. अकरांच्या यादीत तेरावं कुठून आलं हे मी विचारलं नाही. लगेच सही केली.

खुर्चीचंही सांगते. आईच्या ऑपरेशनच्या बिलासाठी तुम्ही तालुक्याला किती खेपा घातल्यात, मला आठवतं. अंगावर पांढरा शर्ट, हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात मूळ बिलं आणि तीन-तीन झेरॉक्स. दर वेळी साहेबांसमोर उभं. मी रुजू झाले त्या दिवशी टेबलासमोर दोन खुर्च्या ठेवायला सांगितल्या. आलेले पहिले गुरुजी बसलेच नाहीत. "बसा ना" म्हटलं तर म्हणाले, "नको मॅडम, सवय नाही." माझ्या घशात काहीतरी अडकलं आणि मी उगाच शिपायाला पाणी मागितलं. आता दर सोमवारी सकाळी आधी वैद्यकीय देयकं आणि वरिष्ठ वेतनश्रेणीच्या फायली काढते, मग बाकीचं टपाल. यात थोर काही नाही, पण संस्थेत असते तर हे काम आहे हेच मला कळलं नसतं. ज्या मास्तरचं डोकं स्वतःच्या बिलात अडकलंय त्याच्यापुढे पातळीप्रमाणे गट मांडून काय उपयोग?

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे पत्र.

इथे साखर कारखान्याचा पट्टा आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. तुमचा अर्धा वर्ग ज्या ट्रकमध्ये बसायचा तो ट्रक इथे येऊन थांबतो. गेल्या हंगामात एका संध्याकाळी मी कोप्यांवर, ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांवर, गेले होते. सगळीकडे धूर आणि उसाच्या वाढ्यांचा वास. आई-बाप फडातून आले नव्हते. दहा-एक वर्षांचा मुलगा कडेवर बहिणीला घेऊन चुलीत चिपाडं सारत होता. मी पत्र्याच्या डब्यावर बसले. "कितवीत?" "चौथीत." "शाळा कुठली?" "धारूरकडची." मग न विचारताच त्यानं ट्रंक उघडली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून शिक्षण हमी कार्ड काढलं. हे दाखवलं की दाखल्याशिवाय दुसऱ्या शाळेत बसवून घ्यायचं असतं. अशी कार्डं मी शेकड्यांनी बघितलीत. नाव, इयत्ता, शिक्का, संपलं. याच्या कार्डावर छापील रकान्यांच्या खाली, जागा नसलेल्या जागेत, कुणीतरी शाईच्या पेननं लिहिलं होतं: "जोडाक्षरात अडतो. हिशेबाला पक्का. पुढे बसवावे."

बाबा, अक्षर तुमचं नव्हतं. पण मला आधी तुमचंच वाटलं.

त्याला जवळच्या शाळेत बसवलं. बहिणीला सांभाळायला कुणी नव्हतं, मग तीही वर्गात. पाटीवर रेघोट्या मारायची, दुपारी खिचडी खायची. पटावर दोघांपैकी एकाचंही नाव नव्हतं. त्याचं नाव तिकडेच ठेवलं, कारण पट घटला तर संच मान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरतात त्यात, तिकडचं शिक्षकाचं पद जायचं. फेब्रुवारीत टोळी रातोरात दुसऱ्या फडावर हलली. निरोप घ्यायची सोय नव्हती. पण आमच्या बाईंनी आठवडाभर आधीच त्या ओळीखाली लिहून ठेवलं होतं: "जोडाक्षरं जमतात. गोष्ट वाचताना अजून थांबतो."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे एवढंच आहे, आणि ते द्यायला मला इतकी वर्षं लागली. खूण कागदावर नाही, कार्डावर करायची, आणि दोन्ही टोकांनी. तुमचं निम्मं बरोबर होतं. निम्मंच, कारण ती पोरं गोष्ट वाचू शकत नव्हती, हेही खरं होतं, आणि तुमच्या मित्रानं ते कधीच कुठे लिहिलं नव्हतं. पुण्याला गेले तर मी या कार्डांवर उत्तम अहवाल लिहीन. कार्डावर लिहायला मात्र इथेच राहावं लागेल.

आता काम. बीडमधल्या धारूर, वडवणीकडचे गुरुजी दुसऱ्या जिल्ह्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्याचं कशाला ऐकतील? माझं पत्र गेलं तर "माहितीस्तव" शेरा पडून फायलीत जाईल. तुमचा शब्द तिथे अजून चालतो. दसऱ्याच्या आत तुमच्या ओळखीच्या दहा-बारा शाळांत जाऊन एवढंच सांगा, की कार्ड देताना खाली एक ओळ हातानं लिहा. पोर कुठे अडतं, काय जमतं. परिपत्रक नको, बैठक नको. चहा पीत सांगा. आणि दिवाळीनंतर दोघंही इथे या, आठ-पंधरा दिवस राहा. कोप्यांवरच्या संध्याकाळच्या वर्गाला मला गणिताचा माणूस हवाच आहे.

आई, गुडघ्याचा पट्टा ट्रंकेत ठेवायला घेतलेला नाही, तो लाव. लोणच्याची बरणी पोचली, वाटेत थोडं तेल सांडलं, ड्रायव्हरची बॅग वासानं भरली, त्यानं तक्रार केली नाही.

बाबा, याचं उत्तर पत्रानंच पाठवा. "हां हां" चालणार नाही.

तुमची,
सुमी