क्रॉमफर्डचं पाणी आणि आमची जिनिंग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्लंडच्या डर्बीशायरमधल्या क्रॉमफर्ड गावावर लेख आला. रिचर्ड आर्कराइटनं 1771 मध्ये पाण्यावर चालणारी सूतगिरणी तिथं काढली, त्याची माहिती छान दिली आहे. पण हे गाव वऱ्हाडच्या कापसावर मोठं झालं, असं जे लिहिलंय ते खटकलं. सालंच जुळत नाहीत. वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं 1853 ला. अमेरिकेत 1861 ला यादवी पेटली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा त्यांची नजर खरी इकडं वळली. नागपूरपर्यंत रेल्वे आली तीच मुळी 1867 ला. तोवर क्रॉमफर्डच्या मूळ गिरणीची रया गेलेली होती. आणि ती कापसापायी नाही, पाण्यापायी गेली.

मुलगी डर्बीला नोकरीला असते म्हणून मला ते गाव पाहता आलं. डर्बीहून मॅटलॉकला जाणारी छोटी गाडी तिथं थांबते. माझा जन्म जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, फिटर म्हणून गेला, त्यामुळे इमारत पाहण्याआधी ती फिरते कशावर हेच मी शोधतो. डर्वेंट नदी शेजारून वाहते, पण पहिली गिरणी तिच्यावर नाही. नदीवरची लाल विटांची मॅसन गिरणी नंतरची, 1783 ची. पहिलीला पाणी मिळालं बोनसॉलच्या ओढ्याचं आणि शिशाच्या खाणींचं. खाणीत साचणारं पाणी काढून द्यायला डोंगराच्या पोटातून एक भुयारी पाट खोदलेला होता. जमिनीखालून येणारं ते पाणी कडाक्याच्या थंडीतही गोठत नसे. आर्कराइट हुशार होताच, पण दुसऱ्यानं फेकून दिलेलं पाणी त्याला फुकटात सापडलं, हे लेखात कुठंच नाही.

मग खाणवाल्यांनी खालच्या बाजूनं आणखी खोल पाट काढला, मिअरब्रुकचा. पाणी तिकडं उतरू लागलं. आर्कराइटचे वारस कोर्टात गेले. 1839 मध्ये निकाल लागला : खाणवाल्यांनी आपल्या सोयीसाठी बाहेर काढलेलं पाणी कायम देत राहावं, असा हक्क गिरणीवाल्याला नाही. पुढच्या काही वर्षांत चाकाला पुरेल एवढं पाणी उरलं नाही. कालव्याच्या टेलला, शेवटच्या टोकाला, शेती असणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तिथल्या नॉर्थ स्ट्रीटवर 1776 ची तीन मजली घरं अजून उभी आहेत. वरच्या मजल्याला खिडक्यांची लांब ओळ, कारण माग तिथं चालायचे. लेखकानं याला मालकाची माया म्हटलंय. मला तसं वाटत नाही. विणकर हवेत, कुटुंब मोठं असेल तर बरं, अशा जाहिराती आर्कराइट देत असे. कुटुंब मोठं म्हणजे गिरणीत राबायला पोरं जास्त. बाप घरी मागावर, बायको-लेकरं गिरणीत बारा-बारा तास, रात्रपाळीसुद्धा.

आमच्या आर्वी तालुक्यातल्या जिनिंगमध्येही माया काही उतू जात नव्हती. सीझनमध्ये बाया जिनाच्या तोंडाशी कापूस टाकत उभ्या राहत. तूस भुवयांवर, पापण्यांवर बसे, पदर तोंडाला बांधलेला असला तरी खोकला संध्याकाळपर्यंत जात नसे. खाली सरकी पडे, पुढं रुई निघे, आणि गाठी पुलगावच्या छोट्या लाईननं रवाना होत. आमच्याकडच्या जुन्या सिंगल रोलर जिनांच्या बिडाच्या अंगावर ‘प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम’ अशी ओतीव अक्षरं होती. ओल्डहॅम तेव्हा लँकेशायरमध्ये. म्हणजे आपलं नातं जोडायचंच तर या गावाशी जोडा, क्रॉमफर्डशी कशाला?

हे सगळं लिहायचं कारण वेगळं आहे. ही जिनिंग आता बंद आहे आणि यंत्रं भंगारात जाणार असं कानावर येतंय. क्रॉमफर्ड काही आपोआप टिकलं नाही. तिथं विसाव्या शतकात रंगाचा कारखाना होता, शिसं असलेल्या रंगांनी जागा खराब झालेली. अशी माखलेली इमारत आर्कराइट सोसायटीनं 1979 मध्ये विकत घेतली आणि साफ करत बसली. डर्वेंट खोऱ्यातल्या गिरण्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला तो 2001 ला.

आर्वीत कुणी पर्यटक येणार नाही, मला माहीत आहे. म्युझियम मागत नाही. लिलावाआधी एक जिन आणि गाठी बांधायच्या प्रेसची पाटी बाजूला काढून तालुक्याच्या वाचनालयात ठेवावी. जुनी मस्टरं आणि वजनाच्या वह्या उंदरांनी संपवायच्या आत त्यांचे फोटो काढावेत. एखाद्या पॉलिटेक्निकच्या पोरांना दोन दिवस पाठवून शेडचा, बॉयलरच्या जागेचा, विहिरीचा नकाशा काढून घ्यावा. कोणत्या पायावर कोणतं मशीन होतं ते दाखवायला मी येतो. फक्त सकाळी नऊच्या आत बोलवा, टिनाखाली मे महिन्यात उभं राहवत नाही.

आपला,
एक निवृत्त जिनफिटर
ता. आर्वी, जि. वर्धा