दोष दर वेळी रुग्णाच्या हालचालीचा नसतो

मा. संपादक,

डिफ्यूजन एमआरआयच्या (ऊतींतल्या पाण्याचे विसरण टिपणाऱ्या तपासणीच्या) प्रतिमा एकमेकींवर नीट बसल्या नाहीत की 'रुग्ण हलला' असे सर्रास म्हटले जाते. पुष्कळदा दोष एडी करंटचा असतो. ग्रेडियंट (जागेनुसार बदलणारे जादा चुंबकीय क्षेत्र) झटकन चालू-बंद झाला की चुंबकातल्या धातूच्या कवचांत हे प्रवाह उठतात आणि त्या बदलालाच विरोध करतात. काही मिलिसेकंदांत विरतात, काही सेकंदभर रेंगाळतात.

ग्रेडियंटचे क्षेत्र बाहेर सांडू न देणाऱ्या शील्डेड कॉइलने ते बरेच घटतात. उरलेल्यांसाठी प्रीएम्फसिस, म्हणजे ग्रेडियंटच्या प्रवाहात आधीच घातांकी उतरत्या राशी मिसळणे. त्या ठरवायला लहानसा पाण्याचा नमुना केंद्राच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर आळीपाळीने ठेवावा. लांब ग्रेडियंट बंद करून वेगवेगळ्या विलंबाने सिग्नलची वारंवारिता मोजावी. दोन्ही जागच्या बदलांची सरासरी म्हणजे मुख्य क्षेत्रातला फरक, वजाबाकीतून मिळतो उरलेला ग्रेडियंट. 'एक्स' दिशेच्या ग्रेडियंटचा 'वाय' दिशेवरचा परिणाम मोजायचे मात्र हमखास राहून जाते.

ईपीआयमध्ये (एका दमात सगळी प्रतिमा टिपण्याच्या पद्धतीत) सिग्नलच्या १०० ओळी अर्ध्या-अर्ध्या मिलिसेकंदाने वाचल्या तर फेज दिशेत (एका ओळीकडून पुढच्या ओळीकडे जाणाऱ्या) एका पिक्सेलच्या वाट्याला जेमतेम २० हर्ट्झ येतात. १० हर्ट्झचा फरक पडला की प्रतिमा अर्धा पिक्सेल सरकलीच! रीड दिशेचा (ओळीच्या लांबीच्या दिशेचा) उरलेला ग्रेडियंट तिला तिरपी करतो, फेज दिशेचा ताणतो किंवा आखडतो. एफए नकाशाच्या (विसरण किती एकाच दिशेने होते ते दाखवणाऱ्या) कडेला दिसणारी उजळ किनार बरेचदा यातूनच येते. सॉफ्टवेअरने जुळवणी करताना प्रत्येक डिफ्यूजन प्रतिमेची दुरुस्ती स्वतंत्र काढावी, आणि डोके खरेच फिरले असेल तर बी-व्हेक्टरही (डिफ्यूजन ग्रेडियंटच्या नोंदलेल्या दिशा) तितकेच फिरवावेत.

– एमआरआय विभागातील काही तंत्रज्ञ