टाकीचे घाव आणि फिलॉक्टेटिसचा पाय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काल रविवार पुरवणीत ग्रीक वीरांवरचा लेख वाचला. कालच लिहायला बसणार होते, पण म्हटलं डोकं जरा शांत होऊ दे, ते काही झालं नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, आणि हर्क्युलिस, ओडिसियस, अकिलीस हे त्याचे पुरावे, असं एकंदर म्हणणं. भाषा छान आहे हो, चित्रंही छान, पण लेखकमहाशयांनी या गोष्टी शेवटपर्यंत वाचल्यात का?

हर्क्युलिसचंच घ्या. बारा कामं केली आणि माणूस घडला म्हणे. अहो ती कामं मुळात लागली कशाला, तर झ्यूस देवाच्या बायकोने, हेराने, त्याला वेड लावलं आणि त्या वेडात त्याने स्वतःची पोरं मारली, त्याचं ते प्रायश्चित्त. आणि हेराचा राग कशाबद्दल, तर झ्यूसने बाहेर भानगड केली आणि त्यातून हा जन्मला म्हणून. भानगड बापाची, भोगलं पोराने. बरं एवढं सगळं करून शहाणा तरी झाला का, तर घरी आलेल्या इफिटसला, पाहुण्याला, टिरिन्सच्या तटावरून खाली फेकून दिलं आणि त्यापायी लिडियाच्या ओम्फाली राणीकडे गुलाम म्हणून विकला गेला. शेवटी विषारी अंगरख्याने कातडं जळायला लागलं तेव्हा ओइटा डोंगरावर स्वतःच चिता रचून घेतली. देवपण मिळालं, मान्य, पण त्यानंतर. आणि अकिलीस तर मेल्यावर पाताळात ओडिसियसला स्पष्टच सांगतो की इथल्या समस्त मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा वर एखाद्या गरिबाच्या शेतावर सालगडी म्हणून राबलेलं बरं. हे होमरने लिहून ठेवलंय, मी नाही.

पण खरा राग आला तो लेखात फिलॉक्टेटिसचं नावसुद्धा नाही म्हणून. दुःख सोसण्यावर पानभर लिहायचं आणि ज्याने ट्रॉयचं युद्ध चाललं तितकी म्हणजे दहा वर्षं सडका पाय घेऊन काढली तोच गायब. ट्रॉयला जाताना साप चावला, जखम चिघळली, वास यायला लागला आणि हा रात्रंदिवस ओरडायचा, मग ओडिसियसने त्याला लेमनॉस बेटावर नेऊन सोडलं. वरिष्ठांची ऑर्डर होती म्हणे. ग्रीक नाटककार सोफोक्लिसच्या 'फिलॉक्टेटिस' नाटकात ओडिसियस सुरुवातीलाच कारण सांगतो, की याच्या ओरडण्यामुळे आम्हाला धड पूजाअर्चा करता येत नव्हती. बघा, पूजेत व्यत्यय! त्या नाटकात बेटावर चिटपाखरू नाही, म्हणजे पाखरं आहेत, तीच मारून हा खातो, एक गुहा, पाल्याचं अंथरूण, एक लाकडी पेला आणि वाळत टाकलेल्या पुवाच्या चिंध्या. आणि दहा वर्षांनी तेच लोक परत येतात. पाय कसा आहे विचारायला नाही, तर त्याच्याकडे हर्क्युलिसचं धनुष्य आहे आणि भविष्य निघालंय की त्याच्याशिवाय ट्रॉय पडणार नाही, म्हणून. तेही स्वतः पुढे न होता अकिलीसच्या पोराला, निऑप्टोलेमसला, खोटं बोलायला पुढे करून.

एम.ए.ला हे नाटक मी मार्कांपुरतं वाचलं होतं. मिस्टरांच्या पायाला शुगरची जखम झाली तेव्हा ते परत काढून नीट वाचलं. सुरुवातीला सगळे येऊन गेले, दाराजवळच्या खुर्चीत बसायचे, चहा विचारला की नको नको आत्ताच झाला, आणि जाताना न चुकता 'देव परीक्षा बघतो वहिनी, यातूनच माणूस घडतो'. मग येणं बंद झालं. फोनसुद्धा नाही. दोन बोटं काढावी लागली तेव्हा हॉस्पिटलात मी आणि माझी मुलगी. आणि मग एका मे महिन्यात धाकटे दीर हापूसची पेटी घेऊन हजर, दादा दादा करत, कारण गावच्या घराच्या वाटणीच्या कागदावर दादाची सही हवी होती. मिस्टर म्हणाले, करतो की सही, आधी एवढी पट्टी बदल माझी. तर दीर फोन आल्यासारखं करून गॅलरीत. सही झाली शेवटी, ती ड्रेसिंगवाल्या ब्रदरने पट्टी बदलून दिल्यावर. पुढे एकसष्टीला त्याच दिरांनी माईक हातात घेऊन भाषण ठोकलं की दादाने एवढं सोसलं म्हणून आज तो एवढा मोठा माणूस आहे.

मोठा कसला, चिडका झालाय माणूस. पूर्वी आंघोळीला जाताना शिट्टी वाजवायचा, आता वरणात मीठ कमी पडलं तरी ताट सरकवतो, आणि मीही काही फार गोड राहिलेले नाही. फिलॉक्टेटिससुद्धा तसाच आहे हो, दहा वर्षांनी तो काही संत होऊन बसलेला नाही, नुसता खदखदतोय. निऑप्टोलेमसला लाज वाटते, तो धनुष्य परत करतो, ट्रॉयला चल, तिथे पाय बरा होईल असंही खरंखुरं सांगतो, तरी हा म्हणतो मला घरी सोड, तुमचं ट्रॉय गेलं उडत. शेवटी साक्षात हर्क्युलिसला वरून यावं लागतं तेव्हा तयार होतो. इसवी सनपूर्व 409 मध्ये या नाटकाला अथेन्समध्ये पहिलं बक्षीस मिळालं, म्हणजे तिथल्या लोकांना सोसणं आणि घडणं यातला फरक कळत असावा. आपल्या पुरवणीला कळायला हरकत नव्हती.

ता.क. रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरं पुढच्या रविवारी देऊ असं छापता आणि देत नाही, हे आता नेहमीचंच झालंय. तसंच माझं मागचं पत्र निम्मं कापलं होतंत. यावेळी कापायचंच असेल तर हर्क्युलिस कापा, तो आधीच तुमच्या लेखात पानभर आहे.

आपली,
एक वाचक, पुणे
(नाव छापू नये, दीर तुमचाच पेपर घेतात.)